भुकेची दाद कोठे मागावी?

पैशाची ओढाताण सुरू झाली म्हणजे गृहस्थ प्रथम कापडाचा खर्च तोडतो, मग दवापाण्याचा, मग मुलांच्या शिकवणीचा. आणि ताटातील जिन्नस कमी करण्याची पाळी आली म्हणजे दार लावून घेतो. रस्त्यावरील याचकाची भूक सर्वांस दिसते, त्याच्या हातावर कोणी ना कोणी चार घास ठेवतोच. परंतु जिनिंगचा हंगाम आटोपताच घरी बसलेला कामगार, ठेक्यावरची नोकरी सुटलेला कारकून, बटाईने शेत वाहणारा आणि दोनदा पेरूनही न साधलेला शेतकरी, उधारीपायी गल्लीतले दुकान बुडालेला किरकोळ दुकानदार, ह्यांची भूक दाराआडची असते. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण ज्या प्रांताने मिरविली, त्याच प्रांतात आषाढ-श्रावणात, मागल्या कापसाचा पैसा संपलेला आणि नव्या कापसाचे बोंड अद्याप फुटावयाचे आहे अशा दिवसांत, ही दारे अधिकच घट्ट लागतात. अशा माणसाने फुकट अन्न कोठे मागावे, कोणत्या हक्काने मागावे आणि ते मागताना त्याने मान खाली का घालू नये, ह्या प्रश्नाचा विचार आज आम्ही करणार आहोत.

फुकट अन्नाची रीत आपल्याकडे नवी नाही. अन्नविक्रय हेच मुळी हीन कर्म समजणारा आपला समाज. देवळापुढे सदावर्त असे, यात्रेकरूस शिधा मिळे, आणि शहरात शिकावयास आलेला गरीब मुलगा वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. व्यापारपेठांत तर धर्मादायाची पद्धतच पडून गेली होती. कापसाची गाडी अडत्याच्या दारी लागली की हमाली आणि तोलाई ह्यांच्या जोडीला 'धर्मादाय' म्हणून काही पैसे शेतकऱ्याच्या पट्टीतून कापले जात. धर्म अडत्याच्या नावावर आणि पैसा शेतकऱ्याचा! कारंज्यास १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार उघडला, १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्याच्या बाजारांकरिता स्वतंत्र कायदा झाला आणि पुढे बाजार समित्यांच्या कायद्यांनी असल्या कपातींस आळा घातला, हे न्यायाचेच झाले.

ह्या जुन्या दानधर्मात पुण्य पुष्कळ असेल, पण दोन व्यंगे होती. वार सर्वांस मिळत नसत, जात पाहून पंगत बसे. डॉ. पंजाबराव देशमुखांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले आणि निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली ठेविली, त्याचे मोल कळावयास हे व्यंग ध्यानात घ्यावे लागते. दुसरे व्यंग असे की, हा दानधर्म सुकाळातला होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांनी त्याची परीक्षा घेतली, तीत तो टिकला नाही. १८९१ च्या खानेसुमारीत २८ लाख ९७ हजार असलेली वऱ्हाडची वस्ती १९०१ साली २७ लाख ५४ हजारांवर आली. जी जमीन कापूस पिकविते ती पैसा देते, पोट भरीत नाही. आणि पैसा न आला त्या वर्षी दाण्याची पेठ असूनही माणूस उपाशी मरतो, हा धडा वऱ्हाडाने त्या काळी प्राणांची किंमत देऊन घेतला. तत्कालीन सरकारने रिलीफची कामे काढली, अशक्तांसाठी गरीबखाने उघडले. परंतु त्या व्यवस्थेच्या मुळाशी असा संशय होता की, हा माणूस खरोखर भुकेला आहे की फुकटखाऊ, ह्याची खात्री त्याच्याकडून खडी फोडवून घेतल्याखेरीज पटत नाही. तो संशय परकी सरकाराबरोबर बोटीत बसून गेला, असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

ह्या दोन्ही पद्धतींहून निराळी वाट ज्या पुरुषाने दाखविली तो ह्याच मातीतला. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजेच गाडगेबाबा, १८७६ साली अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगाव येथे जन्मले आणि मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी वाढले. सावकारी कर्ज घराची काय दशा करते ते त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले. १९०५ साली घर सोडल्यावर त्यांनी जो क्रम धरिला तो सर्वांस माहीत आहे. पण त्यातील अर्थशास्त्र फारसे कोणी पाहत नाही. ज्या गावी जावे त्या गावाचा रस्ता आधी झाडावा, मग भाकरी मागून गाडग्यात घ्यावी. स्वतःपुरता नियम असा कडक; दुसऱ्यास अन्न देताना मात्र आंधळा, पांगळा, महारोगी, कोणासही कामाची अट नाही. पूर्णेकाठी ऋणमोचनच्या यात्रेत त्यांनी गोरगरिबांस जेवू घातले, घाट बांधला. मूर्तिजापुरास धर्मशाळा व गोरक्षण उभे केले. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा झाल्या. त्यांच्या नावाने जो दहा कलमांचा उपदेश प्रसिद्ध आहे त्यात पहिले कलम भुकेल्यास अन्न हेच आहे, आणि देवळाचे त्यात नावही नाही. १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ त्यांचे देहावसान झाले. अमरावतीच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे. त्याच विद्यापीठाच्या आसपास भाड्याच्या खोल्यांत राहून, खानावळीचा एक डबा दोन वेळा पुरवून परीक्षांचा अभ्यास करणारी खेड्यांतील मुले आहेत, तिकडे आम्ही पुढे वळू.

आता हक्काकडे येऊ. येथे आमच्या वकिली पेशाचा थोडा त्रास वाचकांनी सोसावा. सरकारी कोठारांत धान्य साठलेले असता राजस्थानात माणसे उपाशी आहेत, अशी तक्रार घेऊन २००१ च्या एप्रिलात एक जनहितयाचिका सर्वोच्च न्यायालयापुढे गेली. त्या वर्षीच्या २८ नोव्हेंबरच्या हुकुमाने न्यायालयाने सरकारच्या अन्नविषयक योजना म्हणजे लोकांचे हक्क होत, सरकारने मर्जीने सुरू करून मर्जीने बंद करावयाच्या गोष्टी नव्हेत, असा पाया घातला आणि शाळांतून शिजविलेले दुपारचे जेवण देण्याचा आदेश दिला. बारा वर्षांनी, २०१३ साली, राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला, आणि २०१४ च्या फेब्रुवारीपासून महाराष्ट्रात तो अमलात आला. ह्या कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास महिन्यास ५ किलो धान्य, आणि अंत्योदय कुटुंबास, मग त्यात एकटी विधवा का असेना, ३५ किलो धान्य ठरविले. गरोदर व स्तनदा मातेस आणि सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या बालकास अंगणवाडीतून फुकट आहार, त्यापुढे चौदा वर्षांपर्यंत शाळेत जेवण, हेही त्याच कायद्यात. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्रीचे नाव असावे, असे तेरावे कलम सांगते. पुरुषांनी ते एकवार वाचावे.

धान्याचा मूळ दर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असा आहे. १ जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकारने तो शून्यावर आणिला आणि १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षे शून्यच ठेविला. म्हणजे आज धान्य फुकट आहे ते मंत्रिमंडळाच्या मुदतबंद निर्णयाने. धान्याचे प्रमाण मात्र कायद्याचे आहे. हा भेद ध्यानात ठेवावा. दुकानावर भिंतभर छापलेल्या चित्रांवरून हे धान्य कोणाची तरी देणगी आहे असा भास होतो. ज्याचा हक्क आहे त्यास देणगी म्हणून वस्तू देण्यात आली म्हणजे घेणारा उगीच वाकतो, आणि वाकलेला माणूस माप कमी पडले तरी तोंड उघडत नाही.

५ किलो म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. दिवसाचे होतात सुमारे १६७ ग्रॅम. दोन-अडीच भाकरींचे पीठ. एवढ्यावर माणूस आळशी होतो, मजूर कामावर येत नाही, अशी ओरड आमच्या कित्येक वाचकांच्या बैठकींतून ऐकू येते. तेल, डाळ, मीठ, मिरची, घरभाडे, विजेचे बिल आणि मुलाची वही ह्यांपैकी एकही गोष्ट ज्यात येत नाही, त्या दोन-अडीच भाकरींनी आळशी होणारा माणूस आमच्या पाहण्यात नाही. मजूर येत नसेल तर मजुरीचा दर तपासावा. रेशनचा तांदूळ दारावरच्या फेरीवाल्यास विकला जातो, ही तक्रार मात्र खरी आहे, आणि तिचे कारण खाणाऱ्याच्या जिभेत आहे. वऱ्हाडचे पोट ज्वारीच्या भाकरीवर वाढलेले. त्यास तांदूळ द्यावा आणि तो विकून त्याने ज्वारी घेतली म्हणजे त्यास लबाड म्हणावे, हा न्याय चमत्कारिक आहे. कायद्यात भरड धान्याची सोय मुळातच आहे. अकोला-अमरावतीची ज्वारी आधारभूत भावाने घेऊन ह्याच जिल्ह्यांच्या रेशनवर बारमाही दिली तर खाणारा व पिकविणारा दोघेही सुखी होतील, आणि दूरच्या प्रांतांतून पोती आणण्याचे भाडे वाचेल.

वऱ्हाडचे खरे दुखणे केशरी शिधापत्रिकेचे आहे. महाराष्ट्रात पिवळी, केशरी आणि शुभ्र अशा तीन पत्रिका १९९९ पासून आहेत. केशरी पत्रिकेच्या ज्या कुटुंबांची नावे २०१३ च्या कायद्याच्या यादीत आली नाहीत, त्यांत अल्पभूधारक शेतकरी पुष्कळ. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी सबंध देशाचे लक्ष वेधल्यानंतर राज्य सरकारने २०१५ च्या जुलैत निर्णय घेतला, आणि मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच व वर्धा असे चौदा जिल्हे निवडून तेथील केशरी पत्रिकाधारक शेतकऱ्यांस कायद्याच्याच दराने माणशी ५ किलो धान्य देऊ केले. निर्णय उत्तम होता. सुमारे सात वर्षे तो चालला. पुढे ह्या योजनेसाठी केंद्राकडून गहू-तांदूळ मिळेनासा झाला आणि २०२३ च्या जानेवारीपासून धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये बँकेत जमा करण्याची तजवीज झाली. २०२४ साली ते १७० झाले.

१७० रुपयांत ५ किलो म्हणजे किलोस ३४ रुपये. त्या भावाने खाण्याजोगा गहू आणि तांदूळ बारा महिने मिळतो की नाही, हे अकोल्याच्या वा अमरावतीच्या किराणा व्यापाऱ्यास आम्ही सांगावयास नको. त्याच्याच पाट्यांवर ते लिहिलेले असते. रोख रकमेत काही गुण आहेत हे आम्ही नाकारीत नाही. तिने ज्वारी घेता येते, मापात मारणारा दुकानदार टळतो. परंतु धान्याचे माप भाव चढला म्हणून कमी होत नाही, रुपयाचे होते. शिवाय गव्हाचे पोते घरी आले म्हणजे ते चुलीकडे जाते. बँकेतले दीडशे रुपये चुलीपर्यंत पोहोचण्याच्या वाटेत औषधवाला, कृषी सेवा केंद्राची उधारी आणि मोबाइलचा रिचार्ज उभे असतात. आणि मूळ योजनेतच एक गोम होती. ती सातबाऱ्यावर नाव असणाराची होती. त्याच्याच बांधाला बांध लावून बटाईने शेत करणारा, आणि त्याच्याच शेतात निंदणाला जाणारी मजूर बाई, ह्यांची पत्रिका केशरी असली तरी त्यांस धान्यही नाही व रोखही नाही. ज्याच्यापाशी जमीन नाही तो जमीनवाल्याहून कमी गरजू ठरावा, हे तर्कशास्त्र मंत्रालयात कोणत्या मजल्यावर शिकवितात?

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ह्या चौदा जिल्ह्यांत धान्य की रोख, ह्याची निवड कुटुंबाने करावी. रोख द्यावयाची तर तिची रक्कम त्या जिल्ह्याच्या बाजारभावास दर सहा महिन्यांनी जोडावी. आणि केशरी पत्रिकेवरील भूमिहीनास तिच्यातून वगळू नये. वऱ्हाडच्या आमदारांनी विधिमंडळात ह्यावर एकमुखाने बोलावे. तेथे पक्ष अनेक असतील. खारपाणपट्ट्यातले पाणी सर्व पक्षांच्या मतदारांस सारखेच खारट लागते.

कायद्याच्या यादीत नाव चढविणे हीसुद्धा सोपी गोष्ट नाही. २०१३ च्या डिसेंबरात राज्य सरकारने प्राधान्य कुटुंबाकरिता वार्षिक उत्पन्नाची मर्यादा खेड्यात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपये अशी घातली. ५९ हजार म्हणजे सबंध कुटुंबास दिवसाचे सुमारे १६२ रुपये. दुकानात मापाडी म्हणून उभा राहणारा माणूस एवढे मिळवितो, म्हणजे त्या हिशेबाने तो गरीब नाही! ह्या मापाने प्रामाणिक माणूस बाहेर राहतो आणि दाखला कसा मिळवावा हे जाणणारा आत येतो. त्यातही राज्याचा इष्टांक सुमारे ७ कोटी माणसांचा, आणि तो २०११ च्या ११ कोटी २४ लाख लोकसंख्येवर बेतलेला. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. पुढील जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे. तोवर जन्मलेली, लग्न होऊन आलेली, वेगळी चूल मांडलेली माणसे रांगेत उभी राहतात, आणि कोणी मेल्याशिवाय किंवा कोणाचे नाव कापल्याशिवाय त्यांस जागा होत नाही. अपात्रांची नावे कमी करावीत, हे आम्हांसही मान्य आहे. ज्याच्या दारी चारचाकी आहे त्याने गरिबाचा दाणा घेऊ नये. पण नाव कापताना घरी जाऊन चौकशी आणि लेखी नोटीस पाहिजे. धान्य बंद झाल्यावर दुकानदाराच्या तोंडून कळणे ही नोटीस नव्हे.

अंगठ्याचा प्रश्न असाच. दुकानावरील यंत्र अंगठा ओळखते तेव्हा धान्य सुटते. कापूस वेचून, वीट वाहून, भांडी घासून ज्याच्या बोटांवरील रेषा झिजल्या त्यास यंत्र ओळखीत नाही. म्हणजे ज्याने आयुष्यभर अधिक काम केले त्याचीच ओळख पुसली जाते. झारखंडातील एका मुलीच्या मृत्यूनंतर २०१७ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या अन्न खात्याने सर्व राज्यांस कळविले आहे की, आधार नाही अथवा ठसा जुळत नाही एवढ्यावरून कोणासही धान्य नाकारू नये. ही सूचना दुकानदाराने वाचलेली नसेल तर ग्राहकाने ती त्यास सांगावी. मेळघाटातून विटांच्या भट्ट्यांवर अथवा ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबांस आता आपल्या वाट्याचे धान्य दुसऱ्या जिल्ह्यात, किंबहुना दुसऱ्या राज्यातही, त्याच पत्रिकेवर उचलता येते. धारणी-चिखलदऱ्याच्या किती पाड्यांवर ही गोष्ट कोरकू भाषेत सांगितली गेली, एवढाच प्रश्न उरतो. त्याच मेळघाटात १९९३ साली शेकडो बालके दगावल्याचा बोभाटा झाला, तेव्हा सरकार जागे झाले. २०१५ पासून आदिवासी भागांत गरोदर व स्तनदा मातांकरिता अमृत आहार योजनेतून एक वेळचे चौरस गरम जेवण दिले जाते. ते तेथे नियमित शिजते की नाही, हे पाहणे ग्रामसभेचे काम.

आता शिजविलेल्या अन्नाविषयी. कोरडा दाणा ज्याच्या घरी चूल आहे त्यास उपयोगी. इस्पितळाच्या ओट्यावर रात्र काढणारा, रेल्वे स्टेशनावर उतरलेला मजूर, एका खोलीत चौघे राहणारे विद्यार्थी ह्यांस ताट पाहिजे. महाराष्ट्राने १९९५ साली रुपयास झुणका-भाकर काढून पाहिली. योजना गेली, आणि केंद्रांसाठी मोक्यावर दिलेल्या कित्येक जागांवर दुसरीच दुकाने थाटली गेली. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. घेणाराने १० रुपये द्यावेत, आणि थाळीची किंमत शहरात ५० व खेड्यात ३५ धरून वरची रक्कम सरकारने भरावी. साथीच्या टाळेबंदीत ती ५ रुपयांस आणि २०२१ साली काही महिने फुकट दिली गेली, तेव्हा तिने जे काम केले ते विसरता येत नाही. परंतु २०२५ साली केंद्रचालकांची बिले महिनोन्‌महिने थकल्याची ओरड राज्यभर झाली. ज्या बचतगटाच्या बायांनी उधारीने किराणा आणून पोळ्या लाटल्या, त्यांचेच पैसे सरकारने अडकवावेत, म्हणजे भुकेल्याचे पोट भुकेल्याच्या पदरच्या पैशाने भरण्यासारखे झाले. शिवाय ही थाळी दुपारची. संध्याकाळची भूक सरकारास अद्याप मान्य झालेली नाही.

येथे शहरांतील व्यापारीवर्गास आमची सूचना आहे. हनुमान जयंतीस, गजानन महाराजांच्या प्रकटदिनी, गणेशोत्सवात आणि नवरात्रात अकोला व अमरावतीच्या चौकाचौकांत भंडारे होतात, आणि त्या दिवशी एकच माणूस तीन ठिकाणी जेवून चौथ्या ठिकाणी पत्रावळ टाकून देतो. दुसऱ्या दिवशी त्याच चौकात त्यास कोणी विचारीत नाही. हे अन्न वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही, ते एकाच दिवशी साचते एवढेच. शेगावास गजानन महाराज संस्थानात रोज फुकट महाप्रसाद मिळतो, आणि तेथली शिस्त व स्वच्छता पाहून परप्रांतांतील लोक तोंडात बोट घालतात. ती शिस्त काही आकाशातून पडली नाही. सेवेकऱ्यांनी आपल्या पाळ्या लावून घेतल्या म्हणून ती आहे. अकोल्याहून रेल्वेने तासाभराच्या आतले हे उदाहरण डोळ्यांपुढे असता, आमच्या दोन्ही शहरांस पाळी लावता येऊ नये काय?

जुन्या वारांची पद्धत आता उलटी करावी. पूर्वी विद्यार्थी वार लावी, आता शहराने वार लावून घ्यावेत. सोमवार कापडवाल्यांचा, मंगळवार किराणा व धान्यवाल्यांचा, बुधवार औषधवाल्यांचा, गुरुवार सराफांचा, शुक्रवार वकील-डॉक्टरांचा, शनिवार अडत्यांचा, रविवार हॉटेलवाल्यांचा. आणि संध्याकाळी सहा ते आठ ह्या वेळात अकोल्यास सर्वोपचार रुग्णालयापाशी, अमरावतीस इर्विन व डफरिन इस्पितळांपाशी साधे वरण, भाजी, भाकरी. तेथे सेवाभावी मंडळी आजही अन्न वाटतात, त्यांस आमचा नमस्कार. पण कोणत्या दिवशी येतील आणि कोणत्या दिवशी नाही ह्याचा भरवसा वाशीम किंवा धारणीहून आलेल्या रोग्याच्या नातलगास नसतो. अन्नात भरवसा हा अर्धा जिन्नस आहे. विद्यार्थ्यांकरिता विद्यापीठाने व महाविद्यालयांनी खानावळीची चिठ्ठी काढावी, आणि तीवर नाव न घालता केवळ अंक घालावा, म्हणजे पैसे देऊन जेवणारा कोण व फुकट जेवणारा कोण हे वाढणारासही कळू नये. फोटो काढण्यास मज्जाव असावा. घास तोंडाशी नेणाऱ्या माणसाचे छायाचित्र दात्याच्या नावासह वर्तमानपत्रांकडे धाडण्याची जी चाल पडली आहे, तिच्यापायी कित्येक भले लोक पंगतीस येत नाहीत. आम्ही तरी असली छायाचित्रे छापणार नाही.

राहता राहिली दाद मागण्याची वाट. धान्य कमी मिळाले, नाव चढेना, दुकान उघडेना, अंगठा लागेना, अशा वेळी दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही. १९६७ ह्या फुकट क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक लिहून घ्यावा. त्याबरोबर तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्यावा. तेथे काम न झाल्यास कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे नेमलेला जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, आणि त्याच्यावर राज्य अन्न आयोग. ज्याचे धान्य बुडाले त्यास अन्नसुरक्षा भत्ता रोख मिळण्याचा हक्क आठव्या कलमाने दिलेला आहे; ह्या कलमाचे नाव घेऊन अर्ज करणारे विरळा, म्हणून कचेऱ्याही ते विसरल्या. विधी सेवा प्राधिकरणांचा १९८७ चा कायदा असे सांगतो की, कोणतीही स्त्री, तिचे उत्पन्न काही असो, फुकट वकील मागू शकते. अनुसूचित जाती-जमातींचे लोक व कामगारही मागू शकतात. प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्याच आवारात असते. अमरावती व अकोला येथील वकीलमंडळींस आमची विनंती आहे की, आठवड्यातून एक दुपार दोघा-दोघांनी पुरवठा शाखेबाहेर टेबल टाकून बसावे आणि अर्ज फुकट लिहून द्यावेत. टेबलाचे भाडे हे पत्र देईल. अर्जाच्या दोन प्रती असाव्यात, दुसऱ्या प्रतीवर तारीख व शिक्क्यासह पोच घ्यावी, आणि पोच हातात पडल्याखेरीज खिडकी सोडू नये.